शनिवार-रविवार मुंबईत: सकाळी नाश्ता कुठे करायचा आणि संध्याकाळी कुठे ‘बसायचं’

मुंबईत दोन दिवस खाण्यापिण्यासाठी येणाऱ्यांची फजिती चवीमुळे क्वचित होते, बहुतेक वेळा घड्याळामुळे होते. दुपारी साडेबाराला इराण्याकडे जाऊन खिमा मागायचा आणि ‘खतम’ ऐकायचं. रविवारी फोर्टात जाऊन शटरं मोजायची. रात्री एक वाजता बारमधून बाहेर पडून शेवटची लोकल गाठायला धावायचं. पत्ते सगळ्यांकडे असतात, पण कुठल्या वारी, किती वाजता आणि कशाच्या आधी काय, हे कोणी सांगत नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून पहिल्यांदा अशा बेताने येणाऱ्यांसाठी हा क्रम आहे: दोन सकाळी आणि मधली एक संध्याकाळ.

१. आधी वार लावून घ्या, मग खोली बुक करा

शनिवार सकाळ दक्षिण मुंबईला आणि रविवार सकाळ दादर-माटुंग्याला. हा क्रम उलटा करू नका.

फोर्ट हा कचेऱ्यांचा भाग, तिथली खाण्याची ठिकाणं कारकुनांच्या आणि वकिलांच्या पोटावर चालतात. रविवारी गिऱ्हाईकच नसतं, म्हणून कॅफे मिलिटरी, ब्रिटानिया अशी नावाजलेली ठिकाणं बंद असतात. दादर-माटुंगा ही राहत्या लोकांची वस्ती. तिथे रविवारीच खरी गर्दी उसळते, म्हणजे रांग लागते, पण तव्यावरून उतरलेलं थेट ताटात येतं. लांब सुटीत सोमवारही धरला असेल तर एवढं ध्यानात ठेवा, की माटुंग्याचं कॅफे मद्रास सोमवारी बंद असतं.

शुक्रवारी रात्रीच पोचलात तर उत्तम. डेक्कन क्वीन शनिवारी सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते आणि साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला येते. तोवर नाश्त्याची वेळ निम्मी सरलेली असते. कोल्हापूरकरांचं बरं आहे. महालक्ष्मी एक्सप्रेस साडेसातच्या सुमारास उतरवते, स्टेशनच्या क्लोकरूममध्ये बॅग टाकायची आणि थेट चालू लागायचं. बॅगेला कुलूप हवं आणि प्रवासाचं तिकीट जवळ हवं, नाहीतर क्लोकरूमवाला परत पाठवतो.

खोली फोर्ट, सीएसएमटी किंवा कुलाब्यात घ्या. संध्याकाळी बसायचं ठिकाण खोलीपासून चालत गाठता आलं तर पुढच्या अर्ध्या कटकटी मिटतात.

२. जवळ काय ठेवायचं

- वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र: आधार, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, बाकी मद्यासाठी २५. बाविशीतला मुलगा बिअर पिऊ शकतो, रम नाही.
- दहा, वीस, पन्नासच्या नोटा. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, पण काही जुनी इराणी हॉटेलं अजूनही रोखीचाच धंदा करतात, आणि सकाळी सातला दोनशेच्या बिलासाठी पाचशेची नोट काढलीत तर गल्ल्यावरच्या शेठचा चेहरा बघण्यासारखा होतो.
- लोकलच्या तिकिटासाठी रेल्वेचं ॲप. खिडकीवर उभं राहू नका.
- मद्य परवाना. याबद्दल पुढे.

आणि एक सोडून यायची गोष्ट म्हणजे गाडी. दक्षिण मुंबईत पार्किंग शोधण्यात सकाळ जाते आणि संध्याकाळी ती चालवता येत नाही.

३. शनिवार सकाळ: साडेसातला टेबलावर

तीन पर्याय आहेत. तिन्ही करायला जाऊ नका. एक पोटभर आणि दुसरं चवीपुरतं, एवढंच झेपतं.

*धोबीतलाव.* सीएसएमटीवरून मेट्रो सिनेमाच्या दिशेने सरळ चालत गेलात तर पंधरा मिनिटांत कयानी अँड कंपनी. मरीन लाइन्स स्टेशनवरून त्याहूनही जवळ. १९०४ सालचं इराणी हॉटेल. लाकडी गोल पाठीच्या खुर्च्या, चौकड्यांचं टेबलक्लॉथ, काचेच्या बरण्यांत खारी आणि नानकटाई. इथे बन मस्का, आकुरी आणि मावा केक.

*कुलाबा.* कॉजवेवर लिओपोल्डच्या समोर ऑलिम्पिया. सकाळचा खिमा खायचा तर इथे. तो सकाळीच मोठ्या भांड्यात तयार असतो आणि दुपारच्या जेवणाची गर्दी सुरू झाली की तळ दिसायला लागतो. नऊच्या आत पोचा. नुसता खिमा पाव घ्या किंवा खिमा घोटाळा सांगा, म्हणजे त्यात अंडं फोडून ढवळून देतात. लिंबू पिळल्याशिवाय पहिला घास घेऊ नका, तुपकट चव लिंबानेच उठते.

*सीएसएमटीसमोर.* मांस-अंडं नको असेल आणि गाडीतून उतरल्या उतरल्या खायचं असेल तर पंचम पुरीवाला. गरम पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, पंधरा मिनिटांत काम संपतं. वर बसायला जागा मिळाली तर ठीक, नाहीतर अनोळखी माणसासमोर बसून खायची तयारी ठेवा. ही सवय पुढे दोन्ही दिवस लागणार आहे. मुंबईत सकाळचं टेबल एकट्याचं नसतं.

एक नेहमीचा सापळा: ब्रिटानिया. नाव इराणी, १९२३ सालचं, म्हणून लोक नाश्त्याला जातात. ते फक्त दुपारचं हॉटेल आहे. बेरी पुलाव खायचा तर शनिवारी बाराच्या सुमारास बॅलार्ड इस्टेटला जा.

४. इराण्याकडे काय आणि कसं मागायचं

बन मस्का आणि ब्रून मस्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बन मऊ, किंचित गोड, कधी आत मनुका. ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव, दाताखाली तडकतो आणि आतून भुसभुशीत असतो. बन तसाच खातात, ब्रून चहात बुडवून खातात. ब्रून कोरडा चावत बसलात तर टाळू सोलून निघते आणि मग पाव शिळा होता अशी तक्रार घेऊन माणूस परततो. पाव बरोबर असतो, रीत चुकलेली असते. लोण्याकडची बाजू वर ठेवून खालचा भाग तीन-चार सेकंद चहात धरायचा. लोणी चहात उतरून वर पिवळे थेंब तरंगले की समजा जास्त वेळ धरलात.

चहा ‘पानी कम’ मागा. पाणी कमी, दूध जास्त, दाट आणि गोड. नुसतं ‘एक चाय’ म्हटलंत तर साधा येईल.

आकुरी म्हणजे पारशी पद्धतीची अंडाभुर्जी, पण भुर्जीसारखी मोकळी नाही. ती ओलसरच ठेवतात, पावावर पसरेल इतपत. ‘जरा जास्त परता’ असं सांगून तिची भुर्जी करून घेऊ नका, भुर्जी कुठल्याही गाडीवर मिळते.

मावा केक निघताना बांधून घ्या, बसल्या बसल्या नको. बन मस्का, आकुरी आणि वर केक असा नाश्ता झाला की दुपार बाद.

५. दुपार हलकी

नाश्त्यानंतर काळा घोडा, हुतात्मा चौक हा भाग पायी फिरा. जेवणात एकच ठरवा: ब्रिटानियाचा बेरी पुलाव, किंवा फोर्टातल्या मंगळुरी हॉटेलांपैकी एक. महेश लंच होम, अपूर्वा आणि काळ्या घोड्याजवळचं तृष्णा ही तिन्ही मासळीसाठी आणि तिन्हीकडे बार आहे, त्यामुळे दुपारची एक बिअर इथेच उरकता येते. खेकडा ‘बाजारभावाने’ असतो. वजन आणि भाव दोन्ही आधी विचारा. लाजून न विचारणाऱ्याचं बिल नंतर चारजणांत फिरतं.

जून-जुलैत येत असाल तर मासळीची अपेक्षा बेताची ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते आणि पापलेट बहुधा बर्फातलं असतं.

६. संध्याकाळ: परमिट रूम म्हणजे नेमकं काय

बाहेरच्या माणसाला पाटीवरचे ‘परमिट रूम’ हे शब्द बुचकळ्यात टाकतात. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली दारू पिणाऱ्याकडे परवाना असणं बंधनकारक झालं आणि परवानाधारकाला जिथे बसून पिता येतं ती परमिट रूम. कायदा आजही लागू आहे. एका दिवसाचा परवाना विदेशी मद्यासाठी ५ रुपयांचा, वर्षाचा १०० चा, आजन्म १,००० चा. वर्षाचा किंवा आजन्म परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून काढता येतो, ओळखपत्र आणि फोटो लागतो. एक दिवसाचे परवाने बारमध्येच असतात. बारमध्ये कोणी मागत नाही हे खरं, पण आजन्म परवाना खिशात असलेला बरा, विशेषतः बाटली विकत घेऊन खोलीवर नेणार असाल तर.

परमिट रूम चालवणारे बरेचसे शेट्टी, दक्षिण कानडा-उडुपीकडचे. म्हणून बहुतेक मेनूत चिकन सुका, घी रोस्ट, नीर डोसा सापडतो आणि तो पनीर चिलीपेक्षा चांगला असतो. बोंबील फ्राय मागवलात तर आधी कडा बघा. चांगल्या हाताने केलेला बोंबील दाबून पाणी काढलेला असतो, रवा घट्ट धरतो आणि काटा काढायची गरज पडत नाही. पाणी न काढलेला बोंबील पाच मिनिटांत ताटलीत लोळण घेतो. तो आला की पहिल्यांदा तो संपवा, गप्पा नंतर.

आता हिशेब. इथे नवखा माणूस हमखास गडबडतो.

पेग दोन मापांत येतो, छोटा ३० मिली आणि मोठा ६० मिली. क्वार्टर १८० मिली, म्हणजे मोठे तीन पेग. दोघं-तिघं एकच ब्रँड पिणार असतील आणि बार क्वार्टर देत असेल तर ती सीलबंद बाटली टेबलावर मागवा. सुट्या पेगांपेक्षा स्वस्त पडते आणि मापाचा संशय राहत नाही. सुटा पेग घेत असाल तर टेबलाशी मापाने ओतायला सांगा, त्यात कोणाला राग येत नाही.

बिअरची मोठी बाटली ६५० मिली. माइल्ड ५ टक्क्यांपर्यंत, स्ट्राँग ८ टक्क्यांपर्यंत. स्ट्राँगच्या एका बाटलीत मिळून सुमारे ५२ मिली अल्कोहोल होतं. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या (४२.८ टक्के) मोठ्या पेगात सुमारे २६ मिली. म्हणजे ‘मी फक्त दोन बिअर घेतल्या’ म्हणणाऱ्याने स्ट्राँगच्या दोन बाटल्या घेतल्या असतील तर त्याने चार मोठे पेग घेतलेत. वेटर न विचारता स्ट्राँग आणून ठेवतो, कारण तीच जास्त खपते. माइल्ड हवी असेल तर तसं स्पष्ट सांगा.

चखणा बहुतेक ठिकाणी फुकट येतो: शेंगदाणे, चणे, कुठे काकडी-गाजर. सोडा, थंड पेय, बाटलीबंद पाणी यांचे पैसे वेगळे. ‘पाणी?’ असं विचारल्यावर साधं हवं असेल तर ‘साधं’ म्हणा, गप्प राहिलात तर बाटली उघडलेली असते.

एसी आणि बिनएसी विभागाचे दर वेगवेगळे असतात. वर जिन्याने जाण्याआधी कुठलं कार्ड लागू होतं ते बघा. बिलात खाण्यावर जीएसटी आणि मद्यावर व्हॅट वेगवेगळा लागतो, काही ठिकाणी दोन बिलं येतात, त्यात फसवणूक नाही. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक असतो, काढायला सांगता येतो. काढलात तर वेटरच्या हातात काहीतरी ठेवा, त्याने तीन तास बर्फ पुरवलेला असतो.

पाटीवर ‘ऑर्केस्ट्रा’ किंवा ‘लेडीज सर्व्हिस’ असेल तर तो वेगळा धंदा आहे. तिथले दर मेनूकार्डावरून कळत नाहीत, नवख्याने पायरी चढू नये.

७. मग बसायचं कुठे

कुलाब्यातून हलू नका, सगळं पंधरा मिनिटांच्या चालीत आहे.

सातच्या आधी मोंडेगार. १९३२ चं, भिंतींवर मारिओ मिरांडांची व्यंगचित्रं, आतला गोंगाट हाच तिथला माहोल. इथे बिअर प्या आणि चित्रं बघा. जेवण पुढे. लिओपोल्ड १८७१ चं, २००८ च्या हल्ल्यातल्या गोळ्यांच्या खुणा आजही भिंतीवर आहेत. ते बघायला बहुतेकजण जातात, पण दर पर्यटकांचे आहेत. एकदा जाऊन यावं, रात्र तिथे काढू नये.

रात्र काढायची ती ताजच्या मागच्या गल्लीतल्या गोकुळमध्ये. दर आवाक्यात, फर्निचरचा दिमाख नाही. शनिवारी साडेआठनंतर जिन्यावर उभं राहावं लागतं, आठच्या आत टेबल धरा. चौघांहून जास्त असाल तर पाटावर बसल्यासारखे खेटून बसाल. भूक राखून ठेवलीत तर शेजारीच बडेमियाचे सीख कबाब आहेत, १९४६ पासूनचे.

बायकांचा गट असेल, किंवा बरोबर आई-बाबा असतील, तर कुठल्याही अनोळखी परमिट रूममध्ये शिरण्याआधी ‘फॅमिली सेक्शन आहे का’ हे दारातच विचारा. कुलाब्याची वर सांगितलेली दोन कॅफे आणि वांद्र्याच्या पाली नाक्याकडची जनता, टोटोज गराज अशी ठिकाणं त्या दृष्टीने मोकळी आहेत. वांद्र्याला जाणार असाल तर खोलीही तिकडेच घ्या, नाहीतर रात्रीच्या टॅक्सीत बारचं अर्धं बिल जातं.

कोरडे दिवस तपासून मगच तारीख ठरवा: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, अनंत चतुर्दशी, आणि निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास व मतमोजणीचा दिवस. दर वर्षी लाँग वीकेंड साधून १५ ऑगस्टला येणारे आणि बंद दारासमोर उभे राहणारे गट दिसतात.

८. खोलीवर परतताना

परमिट रूम साधारण रात्री दीडपर्यंत चालतात, पण स्वयंपाकघर आधी बंद होतं आणि शेवटची ऑर्डर अर्धा तास आधी घेतात. लोकल त्याआधीच संपत येतात. जितकं लांबचं स्टेशन तितकी शेवटची गाडी लवकर, कसारा-कर्जतकडे जाणाऱ्याने बाराच्या ठोक्याला फलाटावर असावं.

रिक्षा शोधू नका. पश्चिमेला वांद्र्याच्या आणि पूर्वेला सायनच्या दक्षिणेला रिक्षांना परवानगीच नाही. काळी-पिवळी टॅक्सी मीटरने, किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये, मध्यरात्रीनंतर जादा आकार. मीटर टाकायला नकार देणाऱ्याशी रात्री एकला वाद घालण्यापेक्षा ॲपवरची गाडी बोलवा.

गाडी आणलीच असेल तर तिथेच राहू द्या. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. पहिल्यांदा पकडलं तर १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शनिवारी रात्री नाकाबंदी हमखास असते.

९. रविवार सकाळ: माटुंगा किंवा दादर

रात्रीनंतरच्या सकाळी पोटाला रसम वडा जितका मानवतो तितकं काहीच नाही, म्हणून आधी माटुंगा.

इथे दोन चुका होतात. माटुंगा स्टेशन मध्य रेल्वेवर आहे, ‘माटुंगा रोड’ पश्चिम रेल्वेवर. चर्चगेटहून माटुंगा रोडला उतरलात तर रूळ ओलांडून पलीकडे बरंच चालावं लागतं. आणि मध्य रेल्वेची जलद लोकल माटुंग्याला थांबत नाही, धीमीच पकडा. तिसरी भानगड मेगाब्लॉकची. रविवारी साधारण अकरा ते चारच्या दरम्यान कुठल्या ना कुठल्या मार्गावर दुरुस्ती असते. वेळापत्रक आदल्या दिवशी जाहीर होतं, ते बघा. नाहीतर अकराच्या आत प्रवास उरका.

स्टेशनबाहेर पूर्वेला दोन मिनिटांवर रामाश्रय, १९३९ चं. पहाटेपासून उघडं असतं. उपमा, इडली, आणि शिरा. शिऱ्यात अननस असतो किंवा त्या दिवशीचं दुसरं फळ, ते वेटरला विचारा. किंग्ज सर्कलकडे दहा मिनिटं चाललात की कॅफे मद्रास, १९४० चं. रसम वडा, नाचणीचा डोसा, पोडी इडली. रविवारी आठनंतर दारात नाव लिहून घेतात. नाव दिल्यावर कोपऱ्यावर चकरा मारायला जाऊ नका, पुकारा झाला आणि तुम्ही नसलात तर नाव पुन्हा खाली. टेबल वाटून बसावं लागतं आणि फिल्टर कॉफी संपल्यावर गप्पा मारत बसणं इथे शिष्टाचारात बसत नाही. बाहेर वीसजण तुमच्या कपाकडे बघत असतात.

मराठी नाश्ता हवा असेल तर दादर पश्चिम. शिवसेना भवनासमोर आस्वाद, स्टेशनपासून दहा-पंधरा मिनिटं. २०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत इथल्या मिसळीला सर्वोत्कृष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं गेलं, तेव्हापासून नवखे मिसळच मागवतात. मिसळ चांगली आहे, पण सौम्य, गोडसर वळणाची. कोल्हापूरकर ती खाऊन हमखास नाक मुरडतात. त्यांनी थालीपीठ घ्यावं, वर लोण्याचा गोळा आणि बाजूला दही, आणि तिखटाची हौस परतीच्या वाटेवर ठाण्याला मामलेदारमध्ये भागवावी. तिथेही पहिल्याच फेरीत ‘तिखट’ म्हणू नये, ‘मध्यम’ पुरे होते.

आस्वादपासून थोड्याच अंतरावर प्रकाश. साबुदाणा वडा आणि पियुष, दुसरं काही नको. वडा आल्या आल्या फोडा. वाफ बाहेर गेली नाही की आतला साबुदाणा चिकट गोळा होतो आणि बाहेरचं कवच दोन मिनिटांत मऊ पडतं. पियुष दाट आणि भरपूर गोड, एक ग्लास दोघांत पुरतो.

परतीसाठी बांधून न्यायचं तर विचार करून न्या. साबुदाणा वडा लोणावळ्यापर्यंतही टिकत नाही, पियुष तर दादर स्टेशनपर्यंतच. टिकतो तो मावा केक, आणि ब्रून पाव दुसऱ्या दिवशीपर्यंत. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कागदात गुंडाळा, आणि सकाळी कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिट-मिनिट परतून घ्या.